गाईला चालेल अशी भेट

सकाळचं दूध घालून बायका अजून दूध संस्थेच्या दारातच बोलत उभ्या होत्या, तेवढ्यात रूथचा फोन आला. रूथ म्हणजे मार्थाबाईंची सून. "मावशी, आई गेल्या हो... झोपेतच," एवढंच ती बोलू शकली. माझा चेहरा पाहून गंगामावशींनी हातातली बरणी खाली ठेवली आणि विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणाले, "बाई गेल्या." नेकनूरजवळच्या आमच्या गावात नुसतं 'बाई' म्हटलं की एकच बाई. कोणी पुन्हा काही विचारलं नाही. दुपारी दफनासाठी मिळेल त्या गाडीनं आम्ही सगळ्या बीडला गेलो. आमच्यातल्या बहुतेकींनी ख्रिस्ती दफनभूमीत त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पाळकांची प्रार्थना संपल्यावर माती द्यायची वेळ आली, तेव्हा कोणी पुढे व्हायचं ते आम्हाला कळेना. रूथनंच गंगामावशींचा हात धरून त्यांना पुढे नेलं... या गोष्टीला काही आठवडे झाले. नाताळ तोंडावर आला आहे, आणि बाईंशिवाय तो कसा असतो हे आम्हा कोणालाच ठाऊक नाही.

मार्थाबाई मूळच्या जालन्याकडच्या. नवरा नेकनूरच्या दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून त्या इकडे आल्या आणि आमच्या शाळेत शिवणकाम शिकवू लागल्या. नवरा गेल्यावर माहेरच्यांनी बोलावलं तरी त्या गेल्या नाहीत. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच, पण नाताळ सगळ्या गावातल्या पोरांचा. दिवाळीचा फराळ संपला न संपला की बाई पोरांवर लक्ष ठेवायला लागत. कोण कशाशी खेळतं, कोणाच्या बहिणीला काय हवं आहे, हे त्यांच्या मनात पक्कं बसे. मग बीडच्या बाजारात जाऊन बाहुल्या, गाड्या, शिट्ट्या, चेंडू आणायच्या आणि एकेक वस्तू चमकीच्या कागदात बांधून, वर सोनेरी फीत लावून ठेवायच्या. वस्तू सगळ्या प्लॅस्टिकच्या. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोरं कागद टराटरा फाडायची, फीत डोक्याला बांधायची. संध्याकाळपर्यंत तो सगळा ढीग उकिरड्यावर जायचा.

मग दुष्काळाची ती वर्षं आली. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, पण तेव्हा तर गावात म्हातारीकोतारी आणि जनावरंच उरली. आमची बायकांची सहकारी दूध संस्था होती, मी तिची सचिव. बाईही सभासद होत्या, त्यांची एक गाय होती. एकेकीचं जनावर चारा छावणीत गेलं, कोणाचं बाजारात गेलं, आणि संस्थेतले कॅन पालथे पडून राहिले. जी जनावरं गावात उरली ती दिवसभर तोंडाला येईल ते खात हिंडायची. गंगामावशींची कपिला अशीच एक दिवस पोट फुगून बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं, तेव्हा मी आणि बाई तिथंच होतो. पिशव्यांचा गच्च गोळा निघाला, आणि त्यात गुंडाळलेली चमकी... तांबडी, हिरवी, अजून तशीच चमकत असलेली. सोनेरी फितीचा एक तुकडाही होता.

बाईंनी तो तुकडा उचलून हातात घेतला. "गंगा, हे माझ्या घरचं हाय," त्या म्हणाल्या. कोणी त्यांच्यावर बोट ठेवलं नव्हतं. गंगामावशी बराच वेळ कपिलेच्या शिंगांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी काय मुद्दाम केलं का बाई? पर गाय तर गेली." त्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता.

त्या हिवाळ्यात बाई बीडच्या बाजारात गेल्या नाहीत. मी त्यांच्याकडे गेले तर त्या अंगणात ज्वारीची ताटं पुढ्यात घेऊन बसलेल्या. लहानपणी आम्ही सगळ्यांनीच ताटाची साल सोलून, आतल्या पांढऱ्या भेंडात सालीच्याच काड्या खोचून बैलगाड्या केल्या होत्या. बाईंनी पाच ताटं एकमेकांत अडकवून, ओल्या सालीनं बांधून चांदणी केली होती. "अनसूया, इथून पुढं माझ्या घरातून जी भेट जाईल ती गाईनं खाल्ली तरी चालली पायजे," त्या म्हणाल्या. "येशूबाळाला निजवलं कुठं? गव्हाणीत. आन् त्याच्या सणाला आमी गाय मारली." हल्ली शहरातले लोक पर्यावरणपूरक भेटी वगैरे म्हणतात. बाईंनी तो शब्द कधी वापरला नाही. त्यांच्या भेटीची परीक्षा गव्हाणीत व्हायची.

पण त्यांना फक्त आपल्या घरापुरतं करायचं नव्हतं. बीडच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, दर नाताळला पोरांना भेटी वाटतात, घरोघरी चांदण्या लागतात. ते काम आपल्या संस्थेनं घ्यावं, असं त्यांनी बैठकीत मांडलं. दूध नाही तर नाही, बायकांचे हात तरी चालू राहतील. मला ते पटलं, पण बैठकीत गंगामावशीच उठल्या. "जनावराच्या तोंडचा चारा खेळण्यात घालता व्हय? लोकांना पेंढी मिळंना, आन् तुमी कडब्याच्या चांदण्या करता? कावून?" बोलणं खरंच होतं. बाईंनी पुढ्यातली चांदणी उचलून हातात घेतली. मग म्हणाल्या, "घालायचा न्हाई गंगा, उसना द्यायचा. सण झाला की एकूण एक चांदणी परत आणीन. न्हाई आली तर माझ्या गाईच्या वाटणीचा कडबा तुमी उचला."

दुसरा अडथळा बीडला होता. मंडळीच्या कमिटीतले याकोबमामा चांदणी हातात फिरवून पाहत म्हणाले, "मार्था, लोक हसतील. नाताळला कडबा वाटायचा?" मी सोबत होते. बाईंनी त्यांना कपिलेची सगळी हकिकत सांगितली, स्वतःला काही न वगळता. मामांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, "लागतील तेवढ्या जमतील का?"

पुढचे दिवस आठवले की अजून हुरूप येतो. बंद पडलेल्या दूध संस्थेच्या खोलीत आम्ही चांदण्या, बैल, गाड्या, छोट्या गव्हाणी करायचो. साली भिजवायच्या त्या गुरांच्याच बादलीत, म्हणजे पाणी वाया जायला नको. एकीनं पक्कं बसावं म्हणून बाभळीचा काटा खोचला, तर बाईंनी तो काढून तिच्याच तळहातावर ठेवला. "हे तू खाशील का?" तीच हसत सुटली. रंग हवा म्हणून हळद लावली. जुन्या सुती लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या, त्यांतून खेळणी गेली. बाईंना शिवणकाम शिकवायची जुनी सवय, टाका वाकडा गेला की त्या न बोलता उसवून ठेवायच्या. गंगामावशी मात्र आल्या नाहीत. येता-जाता दारातून बघायच्या आणि पुढे जायच्या.

नाताळ झाला. बीडमध्ये चांदण्या लागल्या, लोक हसले नाहीत, उलट शेजारपाजारचे विचारत आले. पण खरी काळजी आता होती. त्या परत येणार का? कोणी दाराला लावलेली चांदणी उतरवून परत पाठवतं का कधी? बाई रोज फाट्यावर जाऊन एसटी बघायच्या आणि मान खाली घालून परत यायच्या. गावात कुजबुज सुरू झाली. नव्या वर्षाची प्रार्थना झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक टेम्पो धुरळा उडवत संस्थेपुढे थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी याकोबमामा. मागचं फळकं उघडलं तर वर चांदण्यांचा थर, कोणाची वाकलेली, कोणाची अजून हळदीनं पिवळी... आणि त्यांच्याखाली कडब्याच्या पेंढ्याच पेंढ्या. चांदणी परत करताना प्रत्येक घरानं सोबत एकेक पेंढी दिली होती. काहींनी तर लांबून, पाहुण्यांच्या शेतातून आणवली होती. "लोक म्हणाले, उसनं परत करताना नुसतं कसं द्यायचं?" मामा म्हणाले. गंगामावशी गर्दीतून पुढे आल्या, टेम्पोवर चढल्या आणि पेंढ्या खाली द्यायला लागल्या. त्यांच्या स्वतःच्या दावणीला तेव्हा एकही जनावर नव्हतं.

त्या उन्हाळ्यात बाईंची गाय व्याली, कालवड झाली. ती पुरती चारा खायला लागल्यावर बाईंनी एका सकाळी तिला दाव्याला धरून गंगामावशींच्या दारात नेलं. "नाताळाची भेट हाय, जरा उशीर झाला," म्हणाल्या. मावशी घ्यायला तयार होईनात. "लई मोठी भेट हाय बाई, न्हाई घ्यायची मी." बाई दावं तिथंच खुंट्याला गुंतवून चालू पडल्या. मावशींनी हाक मारली तरी वळल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "पाणी पाज तिला. सकाळपासनं प्याली न्हाई."

संस्था पुन्हा दुधाची झाली, पाऊस बरा झाला, पण दर नाताळला महिनाभर आम्ही चांदण्यांच्या कामाला बसत आलो. लिंबागणेशच्या, नेकनूरच्या बायकाही येऊन शिकून गेल्या. आता लग्नात, हळदीकुंकवाला काय द्यावं असा प्रश्न पडला की आमच्याकडची एखादी तरी म्हणतेच, "गाईला चालंल का?" बाईंची प्रकृती गेली दोन-तीन वर्षं ठीक नव्हती. संस्थेच्या खोलीत खुर्चीवर बसून त्या नुसत्या बघायच्या. माझा टाका अजून वाकडा जातो, आणि गेल्या वर्षीही त्यांनी तो उसवून ठेवला.

यंदा करायचं की नाही, हे कोणी कोणाला विचारलंच नाही. ताटं आली आणि बायका बसल्या. परवा यंदाची पहिली चांदणी घेऊन मी बाईंच्या घरी गेले. रूथनं अजून सणाचं काहीच केलं नव्हतं. चुलीपुढं गुडघ्यात मान घालून बसली होती. तिला न विचारता मी चांदणी दाराच्या कडीला बांधली आणि आत जाऊन चहा ठेवला. चहा उकळतो न उकळतो तोच बाहेर कसलासा कुरुमकुरुम आवाज आला. बघते तर शेजारच्यांचं वासरू दावं सोडवून उंबऱ्यापाशी उभं, मान उंच करून चांदणीचं एक टोक ओढून खात होतं. मी हाकलायला धावले. रूथनं मागून माझा पदर धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती... सासू गेल्यापासून पहिल्यांदाच. "खाऊ द्या मावशी," ती म्हणाली. "आपण दुसरी करू." आम्ही दोघी दारात चहा पीत बसलो, आणि वासरानं चांदणी सगळी संपवली.