काजूंचं गाऱ्हाणं
बाजारात काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास आला की डिचोलीकडच्या आमच्या गावातला तो दिवस आठवतो. वीज कंपनीने टॉवरसाठी डोंगरावरची आमची काजूची झाडं तोडली होती आणि गावाचं कल्याण म्हणून देवळापुढे सौरदिवे बसवले होते. उद्घाटनाला देवाला गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. त्यांच्या दर वाक्याला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. सवयीने बाबा बोलून गेले, “डोंगरावयल्या काजूंक बरो बहर येवं दे रे म्हाराजा!” गाव गप्प झाला. कंपनीचा साहेब तेवढा, नुकतंच शिकलेलं, मोठ्याने म्हणाला, “व्हय म्हाराजा!” बाबांनी गाऱ्हाणं तिथेच आटोपलं. आता गाऱ्हाणं मी घालतो, त्याच दिव्यांखाली, आणि काजूंचं तेवढं वाक्य गाळतो.