दोन्ही सेफ

मी बदला घेतला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या सॉफ्टवेअर टीमची एक रीत होती: ज्याची चूक सापडेल त्यानं ती स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहायची, आठ दिवस पुसायची नाही. माझं प्रोबेशन संपायला महिना होता. धंतोलीतल्या एका दवाखान्यासाठी आम्ही टोकनचा बोर्ड बनवत होतो. कोणता नंबर, कोणती खोली. प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे दोन भाग, म्हणजे थ्रेड, होते: एक या दोन संख्या बदलायचा, दुसरा त्या वाचून पडद्यावर दाखवायचा. मी दोन्हींना मिळून एक लॉक लावला होता. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं.

तो पाहून टीममधला माझा सिनियर सगळ्यांसमोर हसला. "काहून गा, गावाकडं घराले कुलूप लावतेत तसं इथंही लावून राहिला का? अ‍ॅटॉमिक वापर, संख्या एका झटक्यात बदलते. थांबायचं कामच नाही."

"सर, नंबर आणि खोली सोबत बदलायला पाहिजे."

"दोन्ही अ‍ॅटॉमिक केले, दोन्ही सेफ! घरात पहिलाच शिकलेला ना तू? शिकशील हळूहळू. घे मार्कर."

मी लिहिलं, 'गरज नसताना लॉक लावला.' आठ दिवस ते वाक्य पाहत डबा खाल्ला. होय, घरातली पहिली डिग्री माझी आहे. ती मला कोणी दान दिलेली नाही.

माझा लॉक काढून त्याचा कोड आला. मी एक चाचणी लिहिली, नंबर-खोलीची जोडी तुटते का बघायला. मिनिटात तुटली. त्याची केबिन दहा पावलांवर होती. गेलो नाही. सॉफ्टवेअर दवाखान्यात जाण्याआधी मॅनेजरसमोर शेवटची तपासणी होती, तोवर थांबलो.

त्रेचाळीस नंबरची खोली सात. पडद्यावर आलं: त्रेचाळीस, खोली तीन.

"हे काय होऊन राहिलं?" मॅनेजर म्हणाले.

"मशीन स्लो असन, सर," सिनियर पुटपुटला.

"मशीन नाही, सर," मी म्हटलं. "नवा नंबर लिहून झाला, खोली लिहायची होती, तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडनं वाचून घेतलं. खोली तीन आधीच्या नंबरची. एकेक संख्या बरोबर आहे, जोडी चुकली."

माझा लॉक परत लावला. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तीच चाचणी चालली. एकही जोडी तुटली नाही.

मी मार्कर त्याच्यासमोर धरला.

"राहू दे ना गा," तो हळूच म्हणाला.

"रीत आहे, सर."

त्यानं लिहिलं, 'लॉक काढायला नको होता.'

"'दोन्ही सेफ' म्हणाला होतात, तेही लिहा."

तेही लिहिलं. त्या महिन्यात मी कायम झालो. सातव्या दिवशी तो डस्टर घेऊन फळ्यापाशी आला, तेव्हा मी जागेवरूनच म्हटलं, "उद्या, सर. मी पूर्ण आठ दिवस पाहिलं होतं."