मुद्दाम चुकणारे गुरुजी

भोईर गुरुजी मुद्दाम चुकीचं वाचतात, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. बारवी धरणाच्या पलीकडच्या त्या दोनशिक्षकी शाळेत मी पहिल्या दिवशी रुजू झाले, तेव्हा गुरुजी पोरांच्या घोळक्यात मांडी ठोकून गोष्ट वाचत होते. “मग माकडानं झाडावरून म्हैस तोडली.” मला वाटलं, बिचाऱ्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी नम्रपणे म्हटलं, “गुरुजी, फणस आहे ते.” सगळा वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्यांच्या ताटातला लाडूच उचलला होता. एक चिमुरडी फणकारली, “बाई, तुम्ही कशाला सांगितलं? आम्ही पकडणार होतो ना!”

“बसा बाई,” गुरुजी म्हणाले, “इथं चूक पकडायची तर नंबर लावायला लागतो.”

चूक पकडायची तर पुस्तकात डोकं घालायलाच हवं, एवढीच त्यांची युक्ती. पोरानं खऱ्या शब्दावर बोट ठेवलं की गुरुजी स्वतःचा कान पकडायचे. त्या कानासाठी पोरं वाट्टेल ते वाचायला तयार असत. “मास्तरला हरवायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडंल?” गुरुजी म्हणायचे.

गुरुजी कुळगावचे, आगरी. आवाज असा, की कुजबुजले तरी पलीकडच्या वर्गात ऐकू जावं. फाटतील म्हणून शाळेची पुस्तकं पूर्वी कपाटात कुलूपबंद असत. गुरुजींनी आल्या आल्या वर्गात दोरी बांधली आणि चिमटे लावून सगळी पुस्तकं कपड्यांसारखी टांगली. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, “फाटली तर डिंक हाय. वाळवीनं खाल्ली तर काय लावू?” नवी पुस्तकं शोधायला सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडे जायचे. एकदा मीही गेले. काट्यावर गठ्ठा चढवणाऱ्या सिंधी दुकानदाराला गुरुजी त्यांच्या हिंदीत म्हणाले, “साईं, इसको तोलने का नहीं. अंदर पूरा जंगल है, हाथी है. तुम्हारा काटा टूटेगा.” तो बिचारा पोट धरून हसला आणि त्यानं गठ्ठा तसाच आमच्याकडे सरकवला.

चौथीतली सुगंधा मात्र कधीच चूक पकडत नसे. गुरुजींच्या खांद्याला टेकून पुस्तकात बघत राहायची, बस. आमची शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर बदलापूरच्या वसतिगृहात राहावं लागणार. एप्रिलमध्ये तिचा बाप बाळाराम वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. “गुरुजी, तिला वाचता येत नाय. तिकडं पोरी हसतील. त्यापेक्षा घरी ऱ्हाऊं दे, बारकी सांभाळंल.” मला त्याचा असा राग आला! पण त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं.

“बाळाराम, ते मग बघू,” गुरुजी म्हणाले. “आधी गोष्ट ऐक.”

वाचन सुरू झालं. गुरुजी चुकत गेले, पोरं ओरडत गेली, सुगंधा गप्प. शेवटच्या पानावर गुरुजींनी वाचलं, “आणि म्हातारीनं दार लावून घेतलं.”

“उघडलं,” सुगंधा हळूच म्हणाली.

“काय गो?”

“लावलं नाय, गुरुजी. उघडलं. हितं हाय.” तिचं बोट नेमकं शब्दाखाली होतं. त्या पानावर चित्रही नव्हतं.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि पान पुन्हा बघितलं. “पोरांनो, ही चूक खरीखुरी. माझं ध्यान बाळारामच्या तोंडाकडं होतं.” त्या दिवशी त्यांनी दोन्ही कान पकडले. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही.

“म्हंजे तिला येतं?” बाळाराम गोंधळला. “मग इतके दिस बोलली का नाय?”

सुगंधानं खाली मान घालून सांगितलं, “बाकीची आधी वरडतात.”

बाळारामनं चपला काढल्या, आत येऊन पोरांमध्ये बसला आणि म्हणाला, “वाच. पयल्यापासून वाच.” तिनं अख्खी गोष्ट वाचली. मधे कुणी हूं की चूं केलं नाही.

त्याच उन्हाळ्यात गुरुजी निवृत्त झाले. निरोपसमारंभ नको म्हणाले, पण जूनमध्ये सुगंधाची ट्रंक घेऊन तिच्यासोबत आणि बाळारामसोबत बदलापूरला गेले. मीही होते. वसतिगृहाच्या बाई तिच्या मार्कांचं विचारायला लागल्या, तर गुरुजी म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. ही हळू बोलते. तेवढं बाकीच्यांना जरा गप्प बसवा.”