पुरुषांचं दार कुठल्या बाजूला

ओबिनाता कियोशीच्या शाईच्या बाटलीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ असायची. घरी जाताना शाई कुठवर आहे ते टिपून ठेवलेलं. आता, त्या खोलीत त्याच्याखेरीज दोनच जीव वावरत: शिरामिझु सेन्सेई, म्हणजे त्याच्या गुरुबाई, ज्यांचं ते घर होतं, आणि त्यांचं लठ्ठ मांजर. तरी एका ऑगस्टमध्ये शाई रेघेच्या खाली उतरलेली दिसली, तेव्हा आठवडाभर तो मांजराच्या पंज्यांवर नजर ठेवून होता. उन्हाळ्यात शाई आटते हे त्याला कुणी सांगितलं असतं, तर आधी सांगणाऱ्यावरच त्याचा संशय गेला असता.

टोकियोच्या नेरिमा भागातल्या त्या घराच्या माडीवर तो सतरा वर्षं बसत आला होता. सेन्सेई एका मासिकात चित्रकथा काढत. तीन बहिणी, त्यांचा बाप आणि गल्लीतलं सार्वजनिक हमाम: सगळ्यांनी पैसे देऊन आंघोळीला यायचं, गल्ल्यावर एक म्हातारी. पाचव्या खंडात बाप गेला, हमाम राहिलं. कामाची वाटणी साधी होती. श्वास घेणारं सगळं सेन्सेईंचं, श्वास न घेणारं सगळं ओबिनाताचं. माणसं, डोळे, आसवं त्यांच्याकडे. फरशा, नळ, धुराडं, विजेचे खांब याच्याकडे. बादलीतलं पाणी कुणाचं, यावरून एकदा दोन दिवस अबोला झाला होता.

एकविसाव्या वर्षी तो आकिताहून आला होता तो स्वतः सेन्सेई व्हायला, आपल्या नावाने चित्रकथा काढायला. एकतीस पानांची एक कथा छापूनही आली. वाचकांच्या मतांत तिचा नंबर शेवटून पहिला. मतं मोजण्यात घोळ झाला होता, हे त्याचं मत एकोणपन्नासाव्या वर्षीही कायम होतं. त्याची आई फोनवर विचारायची, "अरे, तुझं नाव कुठे असतं त्या पुस्तकात?"

"शेवटच्या पानावर. बारीक."

"चष्मा लावूनही सापडत नाही रे."

"सगळ्यांना सापडावं म्हणून थोडंच छापतात, आई!"

तर सेन्सेईंच्या चित्रकथेवर अॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका, निघणार असं ठरलं. संपादक केक घेऊन आला. सेन्सेई चक्क हसल्या. ओबिनाताने केकचा तुकडा खाल्ला खरा, पण संपादकाने जाता जाता विचारलेला एक प्रश्न त्याच्या घशात अडकून बसला: "पाठ कशी आहे हो तुमची?" सतरा वर्षांत त्या माणसाने त्याच्या पाठीची चौकशी केली नव्हती. आणि दुसऱ्याच दिवशी सेन्सेईंनी दुपारच्या जेवणाला भातावर भाजलेली वाम मागवली. वाम! एरवी नूडल्सवर भागवणाऱ्या बाईने!

बोकडाला हार घालतात तो कशासाठी, हे ओबिनाताला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जेवण संपल्यावर सेन्सेई म्हणाल्या, "गुरुवारी स्टुडिओतून एक बाई येतील. आपलं हमाम त्या संगणकात उभं करणार आहेत. एकदा उभं राहिलं की पाहिजे त्या बाजूने बघता येतं म्हणे. त्यांना काय लागेल ते सांगा."

"आणि अॅनिमे संपल्यावर ते हमाम कुणाकडे राहणार?"

"बघू," सेन्सेई म्हणाल्या आणि टाक पुसू लागल्या. टाक स्वच्छ होता.

ओबिनाताला कळायचं ते कळलं. बटण दाबलं की फरशा, बटण दाबलं की धुराडं. मग खिडकीजवळच्या या टेबलाशी पाठदुखीचा एक माणूस कशाला हवा?

गुरुवारी नुमाजिरी आली. पस्तिशीची, गोल चष्म्याची, हातात चेस्टनटच्या मिठाईचा डबा. वाकून म्हणाली, "ओबिनाता-सेन्सेई, आपली फार मदत लागणार आहे."

त्याला आजवर कुणीही सेन्सेई म्हटलं नव्हतं. त्याने डबा उलटा करून खालची तारीखही वाचून घेतली.

"मला फक्त नकाशा हवा होता," ती म्हणाली. "बंब कुठे, धुराडं कुठे, कपडे बदलायच्या खोलीत किती चटया मावतात. आपल्या मनात तर तो असणारच."

"असणारच," ओबिनाता म्हणाला.

त्याने मन लावून एक नकाशा काढून दिला. पट्टी लावून, मापं घालून, सुबक. बारा चटया मावणारी खोली आठ चटयांची केली, बंब उलट्या भिंतीला नेला, धुराडं चार पावलं सरकवलं. असं हमाम संगणकात काय, कुठेच उभं राहिलं नसतं. नुमाजिरीने तो कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावायचीच काय ती बाकी ठेवली.

"किती नीट काढलंय!"

"सवय," ओबिनाता म्हणाला. त्या दिवशी त्याला मिठाई गोड लागली.

अडीच आठवड्यांनी ती परत आली. या वेळी लॅपटॉप होता, आणि दोऱ्याने बांधलेले एकोणीस खंड, पानापानावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेले. सेन्सेईही टाक ठेवून बघायला आल्या. पडद्यावर हमाम उघडलं. नुमाजिरीने बायकांच्या दारातून आत नेलं. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या मधोमध जमिनीतून धुराडं वर गेलेलं होतं.

मांजर जांभई देऊन गेलं.

"माझीच कुठेतरी चूक झालीय," नुमाजिरी म्हणाली. "तुमचा नकाशा मी तीनदा ताडून पाहिला. मलाच वाचता आला नाही."

ओबिनाता खाली बघत राहिला. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आरडाओरड्याला उत्तरं त्याच्याकडे तयार होती.

"आणि एक विचारायचं होतं." तिने दोन खंड उघडून शेजारी शेजारी ठेवले. "पाचव्यापर्यंत पुरुषांचं दार उजवीकडे आहे. सहाव्यापासून डावीकडे. वाचक म्हणतात, बाप गेल्यावर थोरलीने दारं बदलली. त्याच्या दाराने कुणी जाऊ नये म्हणून. त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. खरं आहे का ते?"

ओबिनाताचे कान गरम झाले. अकरा वर्षांपूर्वी सर्दीने डोकं धरलेलं असताना, दर्शनी भाग पुन्हा काढायचा कंटाळा येऊन त्याने जुन्या चित्राची प्रत काचेच्या टेबलावर उलटी ठेवली होती आणि खालच्या दिव्याच्या उजेडात गिरवली होती. दारावरची अक्षरं तेवढी सुलटी केली. दारं जागच्या जागी पालटली. पुढच्या महिन्यात तेच बघून पुढचं काढलं, आणि पालटलेलं तसंच राहिलं.

आता ही बाई त्याला पळायला दार उघडून देत होती. नुसतं "हो, खरं आहे" म्हणायचं. पण सापळाही असाच असतो ना, दार उघडं असलेला? त्याने सेन्सेईंकडे चोरून पाहिलं. त्यांचा चेहरा त्यांनीच काढल्यासारखा कोरा होता.

"उलटं गिरवलं होतं मी," तो शेवटी म्हणाला. "आळसाने. थोरलीचा काही संबंध नाही."

"माहीत आहे," सेन्सेई म्हणाल्या. "अंक छापून आला त्याच दिवशी दिसलं."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही विचारलं असतं, आजच का बोललात म्हणून. वर्षभर तेच पुरलं असतं."

नुमाजिरीने हसू दाबायला चष्मा काढून पुसला.

"आणि हे धुराडं?" सेन्सेईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हाही आळसच?"

"नाही. ते जाणूनबुजून." आता लपवण्यात काही राम नव्हता. "हमाम तिकडे उभं राहिलं की इकडे माझं काय काम?"

सेन्सेईंनी पडद्यावरचं बोट मागे घेतलं. मग म्हणाल्या, "एप्रिलपासून हे संगणकातलं हमाम आपल्याकडे येणार आहे. सही मी दोन महिन्यांपूर्वीच केली. माझा हात आता महिन्याला चाळीस पानं ओढत नाही. पानं घटली की पैसा घटतो, म्हणून हा स्वस्त मार्ग. मी पुरती थांबले की तुम्हीही थांबता. पण तुम्हाला आधी विचारलं नाही, ते चुकलं. त्या दिवशी वाम मागवली ती त्याचीच भरपाई."

"वाटलंच मला," ओबिनाता म्हणाला. खरा ठरलेला संशय असा बेचव लागतो, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"हमाम संगणकातून येईल. गल्ली, चढ, दुकानं, पाऊस, हे सगळं त्यात नाही. आठवड्याचे तीन दिवस लागाल तुम्ही मला."

"सहाचे तीन."

"सहाचे तीन."

"लिहून द्या."

"देते की!" सेन्सेईंनी तिथल्या तिथे कागद ओढला.

तो लिहिलेला कागद त्याने दोनदा वाचला, घडी घालून खिशात टाकला, आणि घरी निघायला उठला. पण नजर पुन्हा पडद्यावर गेली. बायकांच्या खोलीतलं ते धुराडं. ज्या हमामाची फरशी न् फरशी आपण काढली, त्यात असलं काहीतरी! तो परत बसला. कोरा कागद घेतला, पट्टी घेतली.

खरा नकाशा काढायला बसल्यावर लक्षात आलं की असा नकाशा कधी नव्हताच. सतरा वर्षं जी चौकट जशी मागेल तशी भिंत त्याने दिली होती. आता पहिल्यांदाच एक भिंत दुसऱ्या भिंतीला भेटायला हवी होती. नुमाजिरी खंड उघडून पानं दाखवत गेली, तो खोडत गेला. खोली पुन्हा बारा चटयांची झाली. बंब मागच्या भिंतीला आला, धुराडं बंबावर गेलं. पुरुषांचं दार?

"डावीकडे," सेन्सेई म्हणाल्या. "लोकांनी एवढी पानं लिहिलीत तर थोरलीने बदललं म्हणा. मला आवडलं ते."

ऊन कलेपर्यंत कागद तयार झाला. नुमाजिरीने दोन्ही हात पुढे केले, तसा ओबिनाताने तो पुन्हा मागे ओढला.

"थांबा. गल्ल्यावर बसणाऱ्या म्हातारीला इथून मागचं दार दिसतं का?"

तिने पेन्सिल टेकवून पाहिलं. "नाही. मध्ये खांब येतो."

"मग कुणीही दुसऱ्याचे जोडे घालून मागून पसार होईल."

"अहो, चित्रातलं हमाम आहे ते!"

"म्हणून काय झालं? गिऱ्हाइकं तीच ना?"

त्याने खांब खोडला, गल्ला हातभर पुढे घेतला, आणि म्हातारीच्या डोळ्यांपासून दोन्ही दारांपर्यंत, मागच्या दारापर्यंत, जोड्यांच्या फळीपर्यंत एकेक सरळ रेघ ओढून पाहिली. एकही रेघ कुठे अडली नाही. मग कागद दिला.