हिराच्या हातची मारामारी

त्या रविवारी आम्ही दोघं नवराबायको अंगणात ऊन खात, ऊस खात बसलो होतो. चंदीगडच्या थंडीत दुपारचं ऊन सोडवत नाही. माझा गुडघा गेलेला, म्हणून ऊस मोडायचं काम हिराचं. मांडीवर आडवा धरायचा आणि एका दणक्यात कडाक! "तुमच्या हाडापेक्षा कडक हाय," म्हणाली, पदर खोचला आणि दूध आणायला गेली. आमचं घर शहराच्या कडेला, डेराबस्सीच्या रस्त्याला लागून. ट्रकनं तिला उडवलं तो आवाज मला अंगणात ऐकू आला... मी लंगडत पळालो. तिचा हात कोपरापासून उलटा वळला होता आणि दुधाच्या किटलीखालून रक्त वाहत होतं. ड्रायव्हर खाली उतरून म्हणतोय, "अंकलजी, सामने आ गई." मी त्याची गचांडी धरली, त्याचं तोंड ट्रकच्या दारावर आपटलं, नाक फुटलं तरी सोडला नाही. लोकांनी मला ओढून काढलं. महिना होऊन गेला, माझी मूठ अजून दुखते. दुखते तेच बरं.

मी सातवी शिकलेला. फौजेत गाडी चालवली, पेन्शनीनंतर इथंच राहिलो. हिरा कागलकडची, शाळेची पायरी न चढलेली. आमची एकुलती एक सुजाता मात्र युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायला शिकते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, खेळायला कॉलेज लागतं व्हय? हिरानं मला तिथंच गप केलं. "तुम्ही बंदूक धरायला शिकलाच की."

शेवटच्या वर्षाला सुजीनं जो खेळ केला त्यात नुसती मारामारी. कोयता घेतलेली एक बाई आणि तिचं घर लुटायला आलेले गुंड. चित्रं झाली, पण आवाज बसेनात. "मम्मी, हड्डी टूटने की आवाज नहीं आ रही यार." हिरा उठली, ऊस आणला आणि माईकपाशी मोडला. पोर किंचाळलीच! तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात खून पडायला लागले. ओल्या गोधडीवर धोपाटणं हाणलं की ठोसा, कोबीत सुरी खुपसली की पोट, नारळ फोडला की टाळकं. मग त्याच कोबीची भाजी ताटात. "आज कुणाचं पोट?" मी विचारायचो. "तुमच्या सुभेदाराचं. गप जेवा."

कॉलेजातल्या सरांनी सुजीला सांगितलं होतं, ज्याला काही येत नाही अशा माणसाला खेळायला बसव, मग खेळातल्या चुका कळतील. असा माणूस घरातच होता. मी पहिल्याच गुंडाच्या हातून मरायचो आणि मायलेकी हसून लोळायच्या. मी मेलो की हिरा मागून ओरडायची, रोज सकाळी मला उठवताना ओरडायची तेच, "उठा की आता! मेलात का काय?" सुजीनं ते पकडून खेळात घातलं. बाई पडली की हिराची हाक येणार आणि बाई पुन्हा उभी राहणार.

त्या रविवारी संध्याकाळी हिरा हॉस्पिटलच्या शवागारात होती, सकाळी ताब्यात मिळणार होती. सुजी कॉम्प्युटरपुढं बसली होती. "पापा, मम्मी के सारे साऊंड डिलीट कर रही हूँ. वो गन्नेवाला... मैं नहीं सुन सकती." ट्रकपाशी मलाही ऊसच ऐकू आला होता. पण हिराचा आवाज दुसरीकडं कुठंच धरून ठेवलेला नव्हता. मी एवढंच म्हटलं, "सकाळपर्यंत थांब, बाळा."

सकाळी मी कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत होतो. गाडी दारात आलेली, शेजारचे सरदारजी दोनदा हाक मारून गेले, पण पाय हलेनात. तिला आणायला जायचं म्हणजे ती गेली हे कबूल करायचं... मी खेळ लावला आणि हात मांडीवर ठेवले. गुंड आले. बाई कोयता खाली धरून नुसती उभी. त्यांनी तिला मारलं, तिची हाडं मोडली, टाळकं फोडलं. सगळं हिराच्या हातचं. मी एक बटण दाबलं नाही. बाई पडली आणि घरभर हिरा ओरडली, "उठा की आता! मेलात का काय?"

सुजी दारात उभी होती, तोंडावर ओढणी दाबून.

"बाकीचे काढ," मी म्हटलं. "हा राहू दे."

तिनं मान डोलावली. मी उठलो, चपला घातल्या आणि हिराला आणायला गेलो.