म्हशीच्या चाकाखालचा दगड

आमची रॉकेट रेजिमेंट डोंगरात हलली तेव्हा माझ्याकडे लाँचरची गाडी होती. आठ चाकं, पाठीवर रॉकेट सोडायच्या नळ्या, आणि वजन एवढं की पूल आला की आधी माणूस उतरून पूल बघून यायचा. जयसिंगपूरला शाळेत झेंडावंदनाला बोलावतात तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, "पावणं, रॉकेट किती उडवली?" एकही नाही. मी ड्रायव्हर. नळ्या सांगितलेल्या जागी वेळेवर पोचवायच्या, एवढंच माझं काम. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. पडू दे.

माझ्या गाडीचा गाइड होता नाईक आनंदा चौगुले. गाव कागलजवळ. अवघड जागी गाइडनं खाली उतरायचं, गाडीच्या पुढं उलटं चालायचं आणि हातानं इशारे द्यायचे. ड्रायव्हरनं फक्त ते हात बघायचे, दरीकडं बघायचं नाही. आनंदा गाडीला म्हस म्हणायचा. थंडीत इंजिन लवकर सुरू झालं नाही की टायरवर थाप मारायचा. "उठ की गं, धार काढायची हाय."

चहाचा मग हातात आला की त्याच्या उसाच्या गोष्टी सुरू व्हायच्या. त्याचे वडील, आबा, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस न्यायचे. शाळेत असताना हा मागच्या ट्रॉलीवर.

"चढाला ट्रॅक्टरनं मान टाकली की मी खाली. चाकाखाली दगड लावायचा आनि लगीच बाजूला उडी. आबा म्हनायचं, दगड लावून तितंच हुबा ऱ्हाशील तर पैला तूच जाशील."

हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की मी म्हणायचो, "गप लेका, म्हसीला बी झोप लागली."

त्या दिवशी सकाळी सहाला कूच होतं. दुपारी एका चढावर थांबलो. दरड कोसळून बंद झालेला रस्ता डोझरनं नुकताच मोकळा केला होता. मोकळा म्हणजे मोठे धोंडे बाजूला ढकलले होते आणि ओली चिकणमाती रस्त्यावर तशीच होती. दरी माझ्या बाजूला, उजवीकडं. माझ्यामागं रॉकेटांनी भरलेली गाडी, तिच्यात चौघं. त्यांच्यामागं वळणावर अडकलेला बाकीचा कॉनव्हॉय.

आनंदा खाली उतरला. हात वर केले. ये, ये, सावकाश. अर्ध्या चढावर चाकं जागेवर फिरायला लागली. मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही.

ब्रेक चांगले होते. आठही चाकं जाम होती आणि तरी अख्खी गाडी मातीवरून मागं घसरत होती. रेस द्यावी तर चाकं गरगर फिरायची, ब्रेक दाबावा तर घसरण. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आयुष्यात इतका मी कधी भ्यालो नाही.

वायरलेस सेटवर ओरडलो, "गाडी पीछे आ रही है! पीछे हटो!"

"जगह नहीं है, उस्ताद."

मागून आमच्या सुभेदार साहेबांचा आवाज आला, "उतरो सब!" चौघं उतरायला लागले, पण माझी गाडी त्यांच्याआधी पोचणार हे मला आरशात दिसत होतं. धडक बसली असती तर ते चौघं, ती रॉकेटं, सगळंच दरीत.

मी समोर बघितलं. आनंदाचे हात नव्हते.

तो उजव्या आरशात दिसला. दरीच्या कडेनं मागं धावत होता. फौजेचा नियम साफ आहे, सुटलेल्या गाडीच्या मागं कुणी जायचं नाही. साहेब ओरडले, "चौगुले! पीछे मत जा!" त्यानं दगड उचलून मागच्या चाकाखाली सारला. चाकानं तो ढकलत नेला. दुसरा लावला, तोही गेला. तिसरा त्यानं पोटाशी धरून आणला, गुडघ्यावर बसून मातीत रोवला आणि चाकाला भिडवला.

"पाय काडू नगंस!" तो ओरडला.

गाडी करकरली आणि थांबली. आनंदानं लगेच बाजूला उडी घेतली. जिथं त्याचे पाय टेकले, तो रस्त्याचा काठ त्याच्यासकट खाली गेला.

मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. काढता येत नव्हता. दार हाताशी होतं, आनंदा खाली कुठंतरी होता, आणि मी "आनंदा, आनंदा" म्हणून हाका मारत पाय दाबून बसलो होतो. मागच्या गाडीतले ते चौघंच दोर घेऊन दरीत उतरले. बऱ्याच वेळानं सेट बोलला.

"मिल गया, उस्ताद."

"बोल रहा है क्या?"

तीनदा विचारलं. रिकव्हरीच्या गाडीनं पुढून तार बांधेपर्यंत मी तसाच बसलो. नंतर दोघांनी मला उचलून खाली घेतलं. गुडघा वाकत नव्हता.

आनंदाच्या पेटीबरोबर त्याच्या गावाला मीच आलो. कोल्हापूर जवळ येईल तसा मी मनात ठरवत होतो, आबांना काय सांगायचं आणि काय गाळायचं. घोषणा झाल्या, सलामी झाली, माणसं पांगली. आबांनी मला ट्रॅक्टरच्या शेडमागं नेलं.

"काय झालतं, खरं सांग."

त्यांच्या तोंडाकडं बघून गाळणं जमलं नाही. सगळं सांगितलं, दगडासकट. त्यांनी एकच विचारलं.

"दगड लावून तितंच हुबा ऱ्हायला व्हय त्यो?"

"न्हाई, आबा. लगीच बाजूला उडी घेतली. बाजूला रस्ताच ऱ्हायला न्हाई."

ते ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उभे राहिले. "मग त्यो चुकला न्हाई. शिकवनारा चुकला."

"चार जीव वाचलं, आबा."

"व्हय. ते बी खरं हाय," ते म्हणाले आणि खाली बसले.

गावच्या फाट्यावर आनंदाच्या नावाची कमान आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की मी एकदा तरी जयसिंगपूरहून तिकडं जातो. आबा कमानीखाली नसतात, ते कारखान्याच्या वाटेवरच्या चढाला बसलेले असतात. ट्रॉली अडली आणि कुणी दगड घेऊन मागं धावला की काठी आपटून ओरडतात, "आदी बाजूला जागा बग, बाबा! मग लाव दगड!" ड्रायव्हर लोक हसतात, म्हाताऱ्याला खूळ लागलंय म्हणतात. मी आबांच्या शेजारी बसतो. ट्रॉली चढून जाईपर्यंत माझा उजवा पाय जमिनीत दाबलेला असतो.