वहिनीचा पहिला घास

सांगलीच्या दवाखान्यात दादा वारल्याची बातमी घेऊन काका कोरेगावला आले, तेव्हा आई रडली नाही. तिनं आधी विचारलं, "शेवटचं काय खाल्लं हुतं त्यानं? कुणाच्या हातचं?" ... महिना उलटला, तरी तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

आमचं घरच संशयी. गवळ्याच्या दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय आई ते चुलीवर चढवत नाही, आणि मी तिचीच लेक. दादा तेवढा भोळा. लढाई संपली, तो पलटणीतून घरी आला, लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर निळे डाग उठू लागले. कुठं आपटला नाही, की धडपडला नाही. दात घासताना रक्त यायचं, उजव्या बरगडीखाली हाताला फुगवटा लागायचा. गावानं दारूचं नाव घेतलं, आईनं सुनेचं. "आष्ट्याची पोर. काय चारलंय, द्येवाला ठावं!"

नवऱ्यामागून बायकोनं त्याच्याच ताटात जेवायचं, ही आमच्याकडची रीत. आईनं ती उलटी केली. दादाच्या ताटातला पहिला घास वहिनीनं सगळ्यांदेखत खायचा, मग दादानं जेवायचं. वहिनी मुकाट्यानं खायची. मी तिच्या गळ्याकडं बघत बसायची, खरंच गिळते की नाही... दादा आधी चिडला. "आये, लढाईत बी असं कोन जेवत न्हाई." मग तिच्याकडं बघून हसायचा, "पयला घास तुजा, बाकीचा माजा. लय झ्याक हाय की!"

सांगलीच्या डॉक्टरांनी रक्तातल्या पेशी मोजल्या, शेवटी पोट उघडून पाहिलं. यकृतात रक्तवाहिन्यांचा गुंता होऊन मोठी गाठ झाली होती. रक्त थांबवणाऱ्या पेशी तिथंच अडकून संपत होत्या, म्हणून ते डाग. असला आजार क्वचितच दिसतो, बहुधा जन्मापासूनचा असावा, असं ते म्हणाले. मला डॉक्टरांचाही संशय आला. काकांनी हे सांगितलं, तेव्हा आई मात्र एवढंच म्हणाली, "जल्मापास्नं? म्हंजी माज्याच पोटात..." आणि मग ती रडली.

तेरावं झाल्यावर तिनं वहिनीला जवळ घेतलं. "आता नुस्तं वाड, पोरी. आदी खाऊ नगंस." वहिनीनं मान डोलावली.

आई आता दादाच्या पितळी ताटात जेवते. वहिनी वाढते, ताट आईसमोर ठेवायच्या आधी त्यातला एक घास मोडते, सावकाश चावून गिळते आणि आमच्याकडं बघत थांबते. आई तिच्यापुढं हात जोडते. मग वहिनी ताट पुढं सरकवते.